कागदाचा शिक्का आणि प्रतिमेची खूण

हातकणंगल्याच्या एखाद्या जुन्या वाड्यांत रुमाल सोडला आणि आंत मोडी कागद निघाले, तर आज पहिलें काम त्यांच्या प्रतिमा घेण्याचें असतें. प्रतिमेची फाईल संगणकांत ठेवली, तिला नांव दिलें, कीं आपण निश्चिंत होतों. ही निश्चिंतता कितपत खरी, हा आजचा प्रश्न आहे.

दस्तऐवज पारखण्याची विद्या आपल्याकडे नवी नाहीं. शिवाजी महाराजांच्या पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा असे आणि अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही समाप्तीची मुद्रा. मजकूर कोठें सुरू झाला व कोठें संपला, हें त्या दोन मुद्रांवरून ठरे. पुढें मुंबई इलाख्यांत १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले, तेव्हां सनदेच्या खरेपणावर कित्येक घराण्यांच्या जमिनी टांगल्या गेल्या. हातकणंगलें त्या काळीं कोल्हापूर संस्थानांत होतें आणि १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत तेथेंच राहिलें. पण कागदाची किंमत तेथेंही तीच होती.

संगणकाच्या फाईललाही अशाच मुद्रा असतात. फाईल म्हणजे ० ते २५५ या अंकांची लांब रांग. नांवाच्या शेवटीं कोणीही कांहींही लिहावें. खरी ओळख रांगेच्या आरंभीं असते. जेपेग प्रतिमा २५५ व २१६ या अंकांनीं सुरू होते आणि २५५ व २१७ यांनीं संपते. टिफ प्रतिमेच्या माथ्यावर ‘आयआय’ किंवा ‘एमएम’ ही रोमन अक्षरांची जोडी असते व तिच्यामागून ४२ हा अंक येतो. १९९६ सालीं प्रमाण ठरलेल्या पीएनजीचे पहिले आठ अंक १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६ व १० असे आहेत. ते योजनापूर्वक निवडलेले आहेत: प्रतिमेस साधा मजकूर समजून कोणी पाठविलें, तर १३ व १० हे अंक बहुधा बदलतात आणि बिघाड तत्काळ उघडकीस येतो.

परंतु माथा शाबूत म्हणून अंग शाबूत, असें नव्हे. फाईल उतरवून घेतांना मध्येंच खंड पडला, तर माथ्यावरची खूण तशीच राहते आणि सनदेचा खालचा अर्धा भाग नाहींसा होतो. म्हणून शेवटही पाहावा. पीएनजीच्या प्रत्येक खंडास पडताळ्याचा अंक जोडलेला असतो, तो जुळवावा. जेपेगला असा अंगचा पडताळा नाहीं. ती प्रतिमा उघडून शेवटच्या ओळीपर्यंत डोळ्यांनीं पाहणें हाच उपाय.

आणि एवढें करूनही, खूण सांगते ती केवळ फाईलची जात. बनावट सनदेची प्रतिमादेखील निर्दोष असूं शकते. तेथें अक्षराचें वळण, कागद, कालगणना आणि शिक्का जाणणारा माणूसच हवा.

मूळ कागद वाळवीच्या तोंडीं पडला, कीं मागें उरते ती प्रतिमाच. म्हणून तिची परीक्षा पुढल्या पिढीवर टाकूं नये. रुमाल पुन्हां बांधण्यापूर्वींच ती उरकावी. त्या वेळीं चूक आढळली, तर कागद अजून हाताशीं असतो.