बाबांचं एचएमटी

लिहीन लिहीन म्हणता दोन महिने गेले. डिसेंबरात गजासोबत बंगळुरूला जाऊन आलो, त्याबद्दल लिहायचं होतं. लिहायला बसलं की गाडी घड्याळावरून तांदळावर जायची आणि मी उठून चहा करायला जायचो. आज मात्र जाईल तिथं जाऊ द्यायचं ठरवलंय.

गजा म्हणजे गजानन. शेगाव जवळ असल्यामुळे आमच्याकडे दर चौथ्या घरात एक गजानन असतो, त्यातला हा माझा. शाळेत अकोल्याला एका बाकावर होतो. पुढं नोकरीनिमित्त तो अमरावतीला गेला तो तिथलाच झाला. त्याचा मुलगा बंगळुरूत आहे. "चाल, पोराकडं जाऊन येऊ, एकट्याले गाडीत करमत नाही," असा त्याचा फोन आला आणि मी लगेच हो म्हटलं. माझा हेतू वेगळा होता. जालाहळ्ळीला एचएमटीचं म्युझियम आहे हे वाचल्यापासून मला ते पाहायचंच होतं.

आता एचएमटीचं एवढं काय? तर त्यासाठी बाबांबद्दल सांगावं लागेल.

बाबा अकोल्याच्या एका कापड गिरणीत टाइमकीपर होते. टाइमकीपर म्हणजे गेटाशी बसून कोण कधी आला, कोण उशिरा आला याची नोंद ठेवणारा माणूस. सगळं गाव गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावायचं आणि आमचे बाबा आपल्या घड्याळावर भोंगा तपासायचे! "आज अर्धा मिनिट उशीर केला त्यानं," असं जेवताना गंभीरपणे सांगायचे. हे घड्याळ म्हणजे एचएमटी जनता. पांढरी डायल, रोज किल्ली द्यायची. पूजा आटोपली की उभ्यानंच किल्ली देणार, मग रेडिओवरच्या बातम्यांशी वेळ जुळवणार. आम्हा भावंडांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. दहावी पास झालो त्या दिवशी मला एकदा किल्ली देऊ दिली. ते काय वाटलं होतं ते अजून आठवतं.

त्या पिढीला एचएमटीबद्दल जे वाटायचं ते आजच्या पोरांना समजावणं कठीण आहे. स्वातंत्र्याच्या वेळी मनगटी घड्याळ म्हणजे फेव्हर-ल्युबा, वेस्ट एंड, म्हणजे परदेशातून आलेलं. पुढं आयातीवर बंधनं आली तसा चोरटा माल वाढला. हिंदुस्तान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ साली निघाली ती कारखान्यांना लागणारी यंत्रं, लेथ वगैरे बनवायला. १९६१ मध्ये जपानच्या सिटीझन कंपनीशी करार करून तिनं बंगळुरूत मनगटी घड्याळं करायला सुरुवात केली. त्यातली पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. पुढची वीस-पंचवीस वर्षं घड्याळ म्हणजे एचएमटीच. मागणी इतकी की नंबर लावून वाट पाहायची. लग्नात जावयाला सायकल, ट्रान्झिस्टर आणि एचएमटी. कांचनसाठी तर वशिला लावत लोक. निवृत्तीलाही तेच (म्हणजे वेळेचं बंधन संपल्यावर घड्याळ द्यायचं, ही गंमत मला फार उशिरा कळली).

तर म्युझियम. जालाहळ्ळीच्या जुन्या एचएमटी वसाहतीच्या भागात, मोठ्या झाडांच्या सावलीत एक जुना बंगला आहे, तिथं ते २०१९ मध्ये सुरू झालं. शहराचा गोंगाट फाटकाशीच थांबतो. आत यंत्रं आहेत, ट्रॅक्टर आहे आणि घड्याळंच घड्याळं. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, अंध लोकांसाठी केलेलं ब्रेलचं घड्याळ. गजा थेट ट्रॅक्टरपाशी गेला. एचएमटीनं १९७१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीच्या साहाय्यानं ट्रॅक्टरही केले, आणि आमच्याकडे ते झेटर म्हणूनच ओळखले जायचे. गजाच्या मामाकडे होता. "हे पाय, हे पाय," करत त्यानं बॉनेटवरून असा हात फिरवला की मामाच भेटले असावेत. मी जनतासमोर उभा राहिलो. माझ्या मनगटावर बाबांचं घड्याळ होतं. बंद आहे ते, अकोल्यातल्या घड्याळजीनं दोनदा चालू करून दिलं आणि दोनदा थांबलं, पण मुद्दाम घालून गेलो होतो. काचेतलं आणि माझं, दोन्ही बंद. दोन्हींत वेगवेगळे वाजलेले.

पुढं काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे. बॅटरीवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळं आली. एचएमटीनंही ती केली, बरीच लवकर केली, पण त्यांचं लक्ष आणि त्यांचे कारखाने किल्लीच्या घड्याळात गुंतलेले. १९८४ साली टाटांची टायटन निघाली, बंगळुरूपासून जवळच होसूरला, आणि तिथं गेलेल्यांत एचएमटीत तयार झालेले लोकही होते. घड्याळ वेळेसाठी नाही, शोभेसाठीही घेतात हे टायटनला कळलं. मग उदारीकरण, मग मोबाइल. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. बाबा तेव्हा नव्हते, २००९ मध्येच गेले. त्यांची गिरणी त्याच्याही कितीतरी आधी बंद पडली होती. भोंगा थांबल्यावरही ते सकाळी किल्ली देतच होते.

बाहेर झाडाखाली बसलो होतो. गजा म्हणाला, "समदं पायलं. तांदूळ नाही दिसला कुठं."

मी हसलो, पण ते मला नीटच लागलं. कारण हा जोक मूळचा बाबांचा होता आणि बाबांनी तो जोक म्हणून केलेलाच नव्हता.

नव्वदीच्या दशकात कधीतरी त्यांनी दुकानातून पहिल्यांदा एचएमटी तांदूळ आणला. आपण वऱ्हाडातले लोक ज्वारी-कापसाचे. भात आमच्याकडे सणाला, पाहुण्याला. त्यामुळे तांदळातलं कळायचं बेताचंच. बारीक, नाजूक दाणा, शिजला की मोकळा. बाबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "एचएमटीनं काढला म्हणजे चांगलाच असणार." त्यांना खरोखर वाटत होतं की घड्याळ आणि ट्रॅक्टर काढणाऱ्या सरकारी कंपनीनं आता तांदूळही काढला. तेव्हा गजा आमच्याकडे जेवायला होता. त्यालाही खरं वाटलं. मलाही. खोटं कशाला सांगू, मला तर २०१८ पर्यंत खरं वाटत होतं.

३ जून २०१८ ला दादाजी रामाजी खोब्रागडे वारले. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं तेव्हा मला कळलं की आपण इतकी वर्षं कोणाचा भात खाल्ला.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. (मराठवाड्यातलं नव्हे. आम्ही वऱ्हाडी झाडीपट्टीकडे क्वचितच फिरकतो, त्यामुळे मलाही नकाशा पाहावा लागला.) तिथं दादाजींची दीडेक एकर जमीन, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली पटेल-३ या जातीच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग निराळा, पिवळसर. शेतात वेगळी लोंबी दिसत नाही असं नाही, सगळ्यांनाच दिसते आणि सगळे ती बाकीच्यांबरोबर कापतात. यांनी ती बाजूला ठेवली. पुढच्या वर्षी शेताच्या मधोमध लावली, भोवती काट्यांचं कुंपण केलं. मग निवडायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा निवडायचं. अशी चार-पाच वर्षं. प्रयोगशाळा नाही, पगार नाही, पोटापुरतं पिकलं तर पिकलं.

बियाणं गावात पसरलं. १९९० च्या सुमारास एका मोठ्या शेतकऱ्यानं ते चार एकरांत लावलं आणि पिकलेलं धान तळोधीच्या बाजारात नेलं. व्यापाऱ्यानं विचारलं, जात कोणती? नावच नव्हतं. त्या वेळी एचएमटीची घड्याळं जोरात होती, म्हणून त्या व्यापाऱ्यानं नाव ठेवलं एचएमटी. एवढंच. ना कंपनीला विचारलं, ना दादाजींना. चांगल्या मालाला त्या काळी दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं. विदर्भातून हा तांदूळ शेजारच्या राज्यांतही गेला.

आता अकोल्याचा भाग. सिंदेवाहीला भात संशोधन केंद्र आहे, ते आमच्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. १९९४ मध्ये त्या केंद्रानं दादाजींकडून पाच किलो बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' हे सुधारित वाण प्रसारित झालं. त्यात दादाजींचं नाव नव्हतं. विद्यापीठाची बाजू अशी की आम्ही त्याचं शुद्धीकरण केलं, म्हणजे सरमिसळ काढून निवड पद्धतीनं एकसारखं वाण तयार केलं. ते काम खोटं नाही, शुद्धीकरण हे शास्त्रज्ञाचं कौशल्याचं काम आहे. शिवाय शेतकऱ्यानं काढलेलं वाण त्याच्या नावावर नोंदवता येईल असा कायदाच तेव्हा आपल्याकडे नव्हता, तो २००१ मध्ये झाला. हे सगळं मान्य. पण शुद्ध करायला आधी काहीतरी असावं लागतं ना? आणि नाव लिहायला कायदा कशाला लागतो? व्यापाऱ्यानं ठेवलेलं एचएमटी हे नाव तसंच ठेवलं, त्याच्या पुढं पीकेव्ही जोडलं, आणि ज्यानं ते शोधलं त्याला जागा उरली नाही.

या विद्यापीठाच्या शेतांवरून मी सायकलनं असंख्य वेळा गेलोय. आम्हा अकोलेकरांना त्याचा अभिमान आहे आणि मलाही आहे, अजूनही. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते पंजाबराव अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, शेतकऱ्याच्या घरातले. दहा वर्षं केंद्रात कृषिमंत्री होते. शेतकऱ्याच्या पोराला शिकता यावं म्हणून अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था काढणारा हा माणूस. गजा त्याच संस्थेत शिकला. मी त्याला झाडाखाली बसून हे सगळं सांगत होतो. तो नुसता ऐकत होता. मग म्हणाला, "भाऊसाहेब असते तर त्यायनं त्या मानसाले अकोल्याले बोलावलं असतं. व्याख्यान द्याले."

भाऊसाहेबांनी काय केलं असतं कोण सांगणार. पण गजाचं वाक्य डोक्यातून जात नाही.

दादाजी थांबले नव्हते. नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, दीपक रत्न अशी आणखी वाणं त्यांनी काढली. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्स मासिकानं ग्रामीण उद्योजकांच्या यादीत घेतलं. कौतुक झालं, पैसा आला नाही. मुलाच्या आजारपणात जमीन विकावी लागली. शेवटी पक्षाघात झाला आणि गडचिरोलीला डॉ. बंग यांच्या 'सर्च'च्या दवाखान्यात ते गेले.

त्यांच्या एका वाणाचं नाव आहे डीआरके. दादाजी रामाजी खोब्रागडे. या वेळी त्यांनी व्यापाऱ्यावर सोडलं नाही.

निघण्यापूर्वी म्युझियमच्या दुकानातून गजानं मुलासाठी एक कोहिनूर घेतलं. मी काही घेतलं नाही. परत जाताना मेट्रोत गजा म्हणाला, "तुह्या बाबाले आता सांगतलं असतं तर काय म्हटलं असतं त्यायनं?"

मला वाटतं, आधी विश्वासच ठेवला नसता. मग दोन दिवस गप्प राहिले असते. गिरणीत त्यांचं सगळं आयुष्य कोण किती वाजता आला हे नावापुढं बरोबर लिहिण्यात गेलं. एखाद्याची हजेरी चुकून दुसऱ्याच्या नावावर पडली तर रात्री झोप लागायची नाही त्यांना.

अकोल्याला आल्यावर तांदूळ संपलाच होता. नेहमीच्या दुकानात गेलो. दुकानदार तरुण आहे, त्याच्या आजोबांपासून आमचं खातं. मी सहज विचारलं, याला एचएमटी का म्हणतात रे?

"कंपनी असंन ना काका तशी."

मग जे सांगायचं ते सांगितलं. मागं गिऱ्हाईकं ताटकळली होती, तरी त्यानं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "डीआरके मिळतो का तुझ्याकडं?"

"तो कसा असते?" त्यानं विचारलं. "बारीक का जाडा?"

मला सांगता आलं नाही. पाच किलो एचएमटी घेऊन घरी आलो.