देशाचं सोनं गहाण पडलं तेव्हा

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक ताई गप्प बसून होत्या. हप्ता भरला, सही केली, पण बोलेनात. खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माझी पोत गहाण ठेवली. बियाण्याला पैसे नव्हते, हे मलाही कळतं. पण मला विचारायचं तरी!" त्यावरून आम्हाला देशाचं सोनं गहाण पडलं होतं ती गोष्ट आठवली. आज तीच सांगतो.

साल १९९१. आदल्या वर्षी इराकने कुवेतवर चढाई केली आणि खनिज तेल महागलं. तिकडे कामाला गेलेली आपली दीड लाखाहून जास्त माणसं विमानांनी परत आणावी लागली. त्यांची कमाई थांबली. परदेशातले भारतीय इथल्या बँकांतल्या ठेवी काढून घेऊ लागले. त्यात सरकारचा खर्च कित्येक वर्षं मिळकतीपेक्षा जास्त चालला होता. बाहेरून तेल, खत आणायचं तर डॉलर लागतात. जून १९९१ मध्ये जेमतेम दोन-तीन आठवड्यांची खरेदी भागेल एवढेच डॉलर उरले होते.

मे महिन्यात, चंद्रशेखर पंतप्रधान असताना, सरकारने आपल्याकडचं २० टन सोनं परत विकत घेण्याच्या बोलीवर एका स्विस बँकेला विकलं होतं. जुलैत रिझर्व्ह बँकेने आणखी सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने इंग्लंडला पाठवलं. ते गहाण ठेवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून ४० कोटी डॉलर घेतले. हे सगळं गुपचूप चाललं होतं. वर्तमानपत्रांतून बातमी फुटली तेव्हा लोक हळहळले, चिडले. सोनं मोडायची वेळ म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तोवर पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले होते. पूर्वी ते आपल्या रामटेकमधून खासदार होते. त्यांच्या सरकारला बहुमत नव्हतं. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाची किंमत दोनदा उतरवली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे मोठं कर्ज मागितलं होतं. निधीची अट अशी, की सरकारने तूट कमी करावी, अनुदानं आवरावीत.

२४ जुलैला अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला. पेट्रोल आणि गॅस २० टक्क्यांनी महागले. रेशनची साखर महागली. खताच्या किमती सरासरी ४० टक्के वाढल्या. विरोधक म्हणाले, हा अर्थसंकल्प परक्यांच्या सांगण्यावरून बनलाय. सिंग यांनी संसदेत आपली बाजू मांडली. देश कायम उसनवारीवर चालू शकत नाही, हे बदल आपल्याच हिताचे आहेत, निधी नसता तरी ते करावेच लागले असते, असं त्यांचं म्हणणं होतं.

पण खताच्या प्रश्नावर सत्ताधारी पक्षाचेच खासदार उठले. शेतकऱ्याने का भरायचं, असं त्यांनी विचारलं. शेवटी ६ ऑगस्टला सरकारने वाढ ३० टक्क्यांवर आणली आणि लहान व अत्यल्पभूधारक शेतकऱ्यांना वाढीतून वगळलं. सोनं न सांगता गेलं. खताचा निर्णय चारचौघांत आला, म्हणून त्यात फरक करता आला. आम्हाला या गोष्टीत हेच मोलाचं वाटतं.

पुढे काय झालं? गहाणाचं कर्ज त्याच वर्षी फिटलं. डॉलरचा साठा वाढत गेला आणि २००९ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने त्याच नाणेनिधीकडून २०० टन सोनं विकत घेतलं. सरकारची बाजू अगदीच खोटी नव्हती. पण त्याचा भार सगळ्यांवर सारखा पडला नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाशाच्या खतांवरचं दरनियंत्रण उठलं. ती खतं महागली, युरिया मात्र स्वस्त राहिला. शेतकरी युरियाच जास्त टाकू लागले. जमिनीचा पोत बिघडल्याची तक्रार आजही ऐकतो, तिचं एक मूळ तिथे आहे.

१९९२ सालीच नाबार्डने ५०० बचत गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला. आपला गट त्याच वाटेवरचा. म्हणून गटात आपण कर्जाचा ठराव सगळ्यांसमोर वाचतो. रक्कम किती, व्याज किती, फेडणार कोण आणि पोटाला चिमटा कुणाच्या बसणार, हे आधी बोलतो. कर्ज काढणं लाजेचं नाही. ज्यांना ते फेडायचंय त्यांच्यापासून लपवणं वाईट.

त्या ताईंनी घरी गहाणाची पावती मागितली. आधी थोडी कुरबुर झाली, पण मिळाली. व्याज आणि मुदत दोन्ही त्यांनी आपल्या वहीत लिहून ठेवलंय. सुगी झाली की पोत सोडवायला त्या स्वतः जाणार आहेत.