वरळीची सायकल, लुधियानाचं पायडल



माझ्या सासऱ्यांची सायकल पन्नास वर्षांपुढची आहे. टिटवाळा स्टेशनपर्यंत अजून रोज जाते. तिच्यावरची ‘हिंद’ ही अक्षरं आता हात फिरवला तरच कळतात. परवा तिचं डावं पायडल निखळलं. कल्याणच्या दुकानदाराने लुधियानाचं नवं पायडल काढलं आणि ते मापात बसलं. एवढ्या जुन्या सायकलला आजचा भाग बसतो कसा, हे मला तेव्हापासून शोधावंसं वाटलं.

हिंद सायकल आपल्या मुंबईत, वरळीला बनायची. कारखाना आजारी पडला. १९८० साली केंद्र सरकारने कायदा करून तो आणि आसनसोलचा सेन-रॅले कारखाना ताब्यात घेतला. पुढे वरळीचं कामही बंद झालं. म्हणजे बनवणारा राहिला नाही, सायकल मात्र चालतेच आहे.

याचं कारण मापात आहे. आपल्याकडे आधी सायकली विलायतेहून यायच्या, नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची बीएसए. देशी कारखान्यांनी तोच साचा उचलला: अठ्ठावीस इंची चाक, दांड्यांचे ब्रेक, कॉटरपिनेवर बसवलेला क्रँक. सरकारने सायकलचे बरेच सुटे भाग लघुउद्योगांसाठी राखून ठेवले होते. लुधियानाच्या छोट्या कारखान्यांत पायडलं, तारा, हब बनायचे आणि वेगवेगळ्या कंपन्यांना जायचे. हिरो सायकलचे मुंजाल बंधूही आधी सुट्या भागांचेच व्यापारी. पूर्ण सायकल त्यांनी १९५६ पासून काढली. सगळ्यांचा माल त्याच मापाचा झाला. दूधवाला, पेपरवाला, स्टेशनवरून डबे वाहणारा डबेवाला, सगळ्यांचा धंदा या मापावर चालला. चेन झिजली तर चेन बदला, छर्रे गेले तर छर्रे. सायकल टाकून द्यायची गरज नाही.

आपली जागा मात्र बरीच वर्षं मागच्या कॅरिअरवर होती. १९९१-९२ मध्ये तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी दांडीच्या सायकली घेतल्या. काहींना तर त्याच आवडल्या, पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं म्हणून!

आणि आपल्याकडे? आमच्या गटातल्या एकीच्या मुलीची सायकल दोन पावसाळे पडवीत उभी होती. बिघाड एका कॉटरपिनेचा. घरातल्या पुरुषांना वेळ नाही, आणि पाना बाईने धरायचा असतो हे कुणाला सुचलं नाही. मुलगी शाळेला चालत जायची, पाऊस असला की घरी राहायची. मला याचा राग येतो, आणि थोडा स्वतःचाही, कारण ती सायकल मी दर बैठकीला बघत होते.

नवी, गिअरची, डिस्क ब्रेकची सायकल घेणार असाल तर घ्या. पण आधी जवळच्या दुकानात विचारा, हिचे भाग इथे मिळतील का. दिसायला छान सायकल एका भागासाठी अडून बसते.

आता पायडलाचं. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, ते डावीकडे फिरवून आवळायचं. सासऱ्यांचं पायडल निखळलं ते मीच नेहमीसारखं उजवीकडे आवळल्यामुळे. पुढच्या बैठकीला मी पाना आणि तेलाची बाटली आणते. ज्यांच्या पडवीत सायकल उभी आहे, त्यांनी ती ढकलत आणा.