एक्क्याण्णवचं बजेट आणि आपली पांढरी गोणी



गेल्या आठवड्यात आमच्या विहिरीवरच्या तुकड्याचा माती परीक्षणाचा कागद आला. सेंद्रिय कर्ब कमी, स्फुरद कमी, पालाश मध्यम. पोरानं कागद वाचला आणि सरळ विचारलं, "आबा, आपण एवढा युरिया कधीपासून टाकायला लागलो?"

मी म्हणालो, "एक्क्याण्णवच्या बजेटनंतर." त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. म्हणून हे सविस्तर लिहितोय. तरुण शेतकऱ्यांनी आणि कृषी खात्यातल्या मित्रांनी वाचावं. जुन्या माणसांना यातलं बरंच आठवत असेल.

१९९१ साली मी बावीस वर्षांचा होतो. दहावी होऊन शेतीत पडलो होतो. देशाची तिजोरी तेव्हा पार तळाला गेली होती. आखाती युद्धानं तेल महागलं आणि परदेशातून माल आणायला दोन-तीन आठवडे पुरेल एवढंच परकीय चलन उरलं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं जवळपास ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं. त्याच महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाची किंमत दोनदा कमी केली. घरातलं डोरलं गहाण पडल्यावर घरात जशी चिडीचूप शांतता असते, तसं वातावरण होतं.

नरसिंह रावांचं सरकार महिनाभरापूर्वीच आलेलं, तेही काठावरच्या बहुमताचं नव्हे, तर बहुमत नसलेलं. २४ जुलै १९९१ ला अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांनी बजेट मांडलं. तूट ८ टक्क्यांच्या वर गेली होती, ती साडेसहावर आणायची होती. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घ्यायचं तर खर्च कापून दाखवणं भाग होतं. कंपन्यांवरचा कर ४० वरून ४५ टक्के केला. आयातीवरचा सर्वात वरचा कर १५० टक्क्यांवर आणून ठेवला. पेट्रोल आणि घरगुती गॅस २० टक्के महाग. रेशनची साखर किलोमागे ८५ पैशांनी वाढली. शेतकऱ्याचा म्हणून डिझेलला हात लावला नाही.

पण खताला लावला. युरिया, डीएपी, पोटॅश, सरसकट ४० टक्के वाढ. खताची सबसिडी तेव्हा वर्षाला सुमारे ४,४०० कोटींवर गेली होती. सरकारचं म्हणणं असं, की १९८१ पासून खताचे भाव जवळजवळ तिथंच आहेत आणि गव्हा-भाताचे सरकारी भाव मात्र बरेच वाढलेत. हिशोब खोटा नव्हता. पण आम्ही ना गहू पिकवत होतो ना सरकारला भात घालत होतो. आमच्याकडे हायब्रीड ज्वारी, भुईमूग आणि थोडा ऊस.

आता गोणीचा हिशोब बघा. स्थानिक कर सोडून ५० किलोच्या गोणीचा भाव असा होता:

युरिया ११७.५० रुपये, तो १६५ झाला.
डीएपी १८० रुपये, ती २५२ झाली.
पोटॅश ६५ रुपये, तो ९१ झाला.

यातला पहिला भाव नीट लक्षात ठेवा. पोटॅशची गोणी तेव्हा युरियाच्या जवळपास निम्म्या भावात मिळायची. डीएपी युरियाच्या दीडपट. पुढची सगळी गोष्ट याच्यावर आहे.

बजेट रेडिओवर ऐकलं तेव्हा ज्वारीची खुरपणी चालली होती, दुसरा हप्ता द्यायचा होता. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गोदामापुढं माणसं जमली. जुन्या भावाचा साठा आहे की नाही यावरून शिवीगाळ झाली. आमचे तात्या कधी आवाज चढवत नसत, पण त्या दिवशी म्हणाले, "सोनं त्यांनी गहाण टाकलं आणि सोडवायचं आम्ही?"

असं देशभर झालं. विरोधी पक्ष तर बोललेच, पण सत्ताधारी पक्षाचे खेड्यापाड्यातले खासदार स्वतःच्याच अर्थमंत्र्यावर तुटून पडले. त्यांना गावात तोंड दाखवायचं होतं. कंपन्यांवरचा कर वाढला, पेट्रोल वाढलं, त्यावरही कुरबुर होती. नोव्हेंबरात कामगार संघटनांनी या धोरणाविरुद्ध देशव्यापी संप केला. पण सरकारला मागं सरायला लावलं ते खतानं. ६ ऑगस्टला अर्थमंत्र्यांनी लोकसभेत जाहीर केलं, की वाढ ४० ऐवजी ३० टक्के राहील आणि अल्पभूधारक व सीमांत शेतकऱ्यांना जुन्याच भावानं खत मिळेल. युरिया १५३ वर आला, डीएपी २३४ वर. गावात लोक म्हणाले, जिंकलो.

आमच्या घरानं काय जिंकलं ते सांगतो. अल्पभूधारक म्हणजे दोन हेक्टरच्या आत, पाच एकर. आमचे चार चुलते, वाटण्या तोंडी झालेल्या, प्रत्येकाच्या वाट्याला तीन एकरसुद्धा नाही. पण सातबारा आजोबांच्याच नावावर. खातं एक, क्षेत्र अकरा एकर. तात्या आठ-अ चा उतारा घेऊन गेले, तर उत्तर मिळालं, "तुम्ही मोठे शेतकरी." आमच्याच शिवारात एकानं पंचवीस एकर बायको, पोरं, सुना यांच्या नावावर आधीच पाडून ठेवली होती. त्याची प्रत्येक खातेफोड अल्पभूधारक. त्याला जुना भाव, आम्हाला नवा. तात्यांनी त्या वर्षी भुईमुगाला डीएपी अर्धीच टाकली. कागदावर मोठं आणि शेतात लहान असणं काय असतं, ते मी तेव्हा शिकलो. वारसाची नोंद वेळेवर करा असं मी या पानावर सारखं का लिहितो, तेही आता कळेल.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना आठवते. खरा घाव मात्र पुढच्या वर्षी बसला आणि त्यावर कुणी फारसं ओरडलंच नाही.

खताच्या भावाचं काय करायचं यासाठी दोन्ही सभागृहांच्या खासदारांची समिती नेमली होती. तिचा अहवाल ऑगस्ट १९९२ मध्ये आला आणि २५ ऑगस्टपासून सरकारनं स्फुरद आणि पालाशची खतं भावनियंत्रणातून मोकळी केली. युरिया मात्र नियंत्रणातच ठेवला, उलट १० टक्के स्वस्त केला. गोणी १३८ रुपये. पोटॅश आपल्या देशात निघत नाही, सगळा बाहेरून. डीएपीचा कच्चा मालही बराचसा बाहेरचा. रुपया आधीच पडलेला. पोटॅशचा भाव दुपटीच्या वर गेला, डीएपी आमच्याकडे तीनशेच्या पुढं गेली. नंतर सरकारनं टनाला काही रक्कम देऊन डीएपीला आधार दिला, पण जुना मेळ काही परत आला नाही.

असं का झालं, याबद्दल माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. एक्क्याण्णवच्या आरडाओरड्यातून सरकार एक गोष्ट शिकलं, की युरियाला हात लावायचा नाही. युरिया प्रत्येक शेतकरी घेतो, त्याचा भाव प्रत्येकाला पाठ असतो. पोटॅश घेणारे थोडे. मग काटकसर कुठून करायची? जिथं ओरड कमी, तिथून.

परिणाम एका वर्षात दिसला. १९९१-९२ मध्ये देशात पालाश वापरलं १३.६ लाख टन, पुढच्या वर्षी ८.८ लाख टन. स्फुरद ३३ लाखांवरून २८ लाखांवर. नत्र मात्र ८० वरून ८४ लाख टनांवर चढलं. नत्र, स्फुरद, पालाश हे प्रमाण ५.९ : २.४ : १ होतं, ते ९.५ : ३.२ : १ झालं. एका हंगामात जेवणातली भाजी, डाळ काढून घेतली आणि भात वाढला, तसं.

आमच्या शेतातही तेच. डीएपी परवडत नाही म्हणून युरियाच्या दोन गोण्या जास्त. ऊस काळाभोर दिसायचा, बघणारा खूश. पण पाऊस-वारं आलं की लोळायचा. कीड वाढली, मग फवारणी वाढली. युरियात वाचवलेले पैसे औषधाच्या दुकानात गेले.

२०१० मध्ये हेच पुन्हा घडलं. एप्रिलपासून अन्नद्रव्यावर आधारित सबसिडी आली, पण तीही युरिया वगळून. २००९-१० मध्ये प्रमाण सुधारून ४.३ : २ : १ वर आलं होतं. २०१२-१३ मध्ये ते ८.२ : ३.२ : १ झालं. आज ४५ किलोची युरियाची गोणी २६६.५० रुपये आणि ५० किलोची डीएपी १,३५० रुपये. दीडपटीचा फरक पाचपटीवर गेला. युरियाच्या निम्म्या भावाचा पोटॅश आज त्याच्या कित्येक पट.

कृषी खात्यातले मित्र म्हणतील, ४:२:१ हे देशाचं ढोबळ माप आहे, प्रत्येक शेताला लागू नाही. बरोबर आहे. आपल्या काळ्या जमिनीत पालाश मुळात बरं असतं, पीकही वेगळं असतं. म्हणून तर माती तपासा म्हणतो. माझा मुद्दा एवढाच, की कुठलं खत किती टाकायचं हे माझ्या जमिनीनं ठरवलं नाही. ते ठरवलं दिल्लीतल्या भावानं, आणि तो भाव ठरवण्यात आमच्या ओरडण्याचाही वाटा होता.

तात्या चुकले असं मी म्हणत नाही. ४० टक्के वाढ अन्यायाचीच होती. शेतमालाला भाव न देता खत महाग करणं म्हणजे दोन्हीकडून पिळणं. तेव्हा ओरडलो नसतो तर ३० टक्क्यांवरही आले नसते. पण आम्ही फक्त वाढलेल्या भावाकडं बघितलं, भावांच्या मेळाकडं नाही. आणि ज्या दिवशी युरिया स्वस्त झाला, त्या दिवशी आम्ही खूश होऊन घरी गेलो.

म्हणून पोराला सांगितलं, बजेट आलं की काय महाग झालं हे बघच, पण काय मुद्दाम स्वस्त ठेवलं तेही बघ. कधीकधी बिल तिथून निघतं आणि ते तीस वर्षांनी माती परीक्षणाच्या कागदावर छापून येतं.

यंदा विहिरीवरच्या तुकड्यात ताग गाडणार आहे, शेणखत टाकणार आहे आणि युरिया एकरी एक गोणी कमी करणार आहे. उतारा काय येतो ते इथंच लिहीन, कमी आला तरी लिहीन.

एक्क्याण्णव-ब्याण्णव साली तुमच्या गावात खताचं काय झालं, अल्पभूधारकाचं खत कुणाला मिळालं, ते खाली जरूर लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहिलंत तर आणखी बरं.

राम राम.