तेरचे थापटणे आणि हृदयाचा प्रतिध्वनी

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच्या अध्यक्षपदी विराजमान झाले, तेव्हा आपल्या समाजातील अनेक घरांत त्या दूरच्या जिल्ह्याचे नाव आपुलकीने घेतले गेले. आज तो जिल्हा धाराशिव या नावाने ओळखला जातो. फादरही जुलै २०२४ मध्ये आपल्यातून निघून गेले. त्याच जिल्ह्यात तेर आहे, संत गोरोबाकाकांचे गाव. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी हाती कुंभाराचे थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकून कोणते मडके भाजले व कोणते कच्चे याचा निवाडा केला, ही कथा महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? नामदेव कच्चे ठरले ते त्या वेळी.

आम्हाला ही कथा आठवते ती वेगळ्याच संदर्भात. न फोडता, न कापता, नुसत्या आवाजावरून आतली स्थिती ओळखायची ही कुंभाराची युक्ती वैद्यकाने फार उशिरा आत्मसात केली. खानावळवाल्याचा मुलगा असलेल्या आउएनब्रुगर या डॉक्टरने १७६१ मध्ये व्हिएन्नात रुग्णाच्या छातीवर बोटांनी ठोकून निदान करण्याची रीत प्रसिद्ध केली. पिंपात द्राक्षारस किती उरला हे ठोकून पाहण्याची सवय त्याला घरूनच होती. १८१६ मध्ये पॅरिसच्या लेनेक या श्रद्धाळू कॅथलिक डॉक्टरने कागदाची सुरळी करून एका तरुणीच्या छातीला लावली, आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला.

तरीही कानाला मर्यादा होतीच. हृदयाच्या डाव्या बाजूला दोन पाळ्यांची एक झडप असते. सोळाव्या शतकात व्हेसालियस या शरीरशास्त्रज्ञाला ती बिशपांच्या मुकुटासारखी, म्हणजे मायटरसारखी भासली. तिला मायट्रल हे नाव पडले ते त्यामुळे. लहानपणी घसा बिघडून पुढे संधिवाताचा ताप आला, की ही झडप जाड होते, चिकटते, अरुंद होते. १९४८ नंतर अशी झडप उघडण्याची शस्त्रक्रिया रूढ होऊ लागली. परंतु झडप चिकटली आहे की गळते आहे, हे आधी नेमके कळले पाहिजे. गळणारी झडप आणखी उघडली तर रोगी दगावायचा.

हा पेच स्वीडनमधील लुंड येथील डॉक्टर इंगे एडलर यांच्यापुढे होता. त्यांनी हेल्मुट हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला गाठले. हर्ट्झ जवळच्या मालमो बंदरातील जहाजांच्या कारखान्यात गेले. तेथे पोलादात भेग आहे का, हे मानवी कानाला ऐकू न येणारा ध्वनी पाठवून आणि त्याचा प्रतिध्वनी टिपून तपासत असत. हर्ट्झ यांनी ते यंत्र स्वतःच्याच छातीला लावले! पुढे सीमेन्स कंपनीकडून तसेच यंत्र उसने मिळाले आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाच्या हालचालीचा पहिला आलेख उमटला. गंमत अशी, की एक ठळक रेघ एडलर यांनी आधी हृदयाच्या भिंतीची मानली. मृतदेहांवर पडताळून पाहिल्यावर ती मायट्रल झडपेच्या पुढच्या पाळीची निघाली. आपली चूक आपणच शोधून काढणारा हा डॉक्टर आम्हाला यंत्राहूनही मोठा वाटतो.

या न ऐकू येणाऱ्या ध्वनीचा सुगावा प्रथम एका धर्मगुरूला लागला होता. इटलीच्या स्पालांझानी यांनी १७९३-९४ मध्ये दाखवून दिले, की आंधळे केलेले वटवाघूळ बिनधोक उडते, मात्र त्याचे कान बुजवले की ते आदळते. विद्वानांनी त्यांची थट्टा केली. उलगडा झाला तो १९३८ साली.

पुढची प्रगती झपाट्याने झाली. १९६० च्या दशकात अमेरिकेत फायगेनबाम यांनी हृदयाभोवती साचलेले पाणी या तंत्राने दाखवले. आपल्याकडे क्षयरोगातही असे पाणी होते आणि आता यंत्रात पाहत पाहत सुईने ते काढता येते. १९७० च्या दशकात रेघांच्या जागी हलते चित्र आले. तोच आज सर्वांच्या तोंडी असलेला टू-डी इको. १८४२ मध्ये प्राग येथे डॉप्लर यांनी ताऱ्यांच्या रंगांविषयी मांडलेला सिद्धान्त रक्तप्रवाहाला लागू पडला. रक्ताचा वेग मोजून अरुंद झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक काढता येऊ लागला आणि पडद्यावर प्रवाह लाल-निळ्या रंगांत दिसू लागला. जपानच्या इनोवे यांनी १९८४ मध्ये छाती न उघडता फुग्याने झडप रुंद करण्याची पद्धत मांडली. कोणाची झडप फुग्याने उघडावी आणि कोणाची नाही, हेही इकोच सांगतो.

हे सारे धाराशिवच्या खेड्यातील मुलापर्यंत कसे पोहोचते? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊन मुले तपासतात. हृदयाला छिद्र असल्याची शंका आली, तर इकोसाठी पाठवतात. शासकीय योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्चही भागतो. २०२२ मध्ये जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. तोवर अवघड दुखण्यासाठी सोलापूर वा लातूरची वाट धरणे हाच रिवाज होता.

सहज उचलून नेता येणारे यंत्र आज उपलब्ध आहे. पण त्याच ध्वनीने गर्भातली मुलगी ओळखून तिला नाहीसे करण्याचे पाप आपल्या राज्यात घडले. १९९४ च्या कायद्यानुसार गर्भ पाहू शकणारे यंत्र, मग ते हृदयासाठी घेतलेले का असेना, नोंदवावे लागते आणि हवे तेथे फिरवता येत नाही. हृदयरोगतज्ज्ञांना हा जाच वाटतो. आमच्या मते तो सोसलाच पाहिजे.

खरी अडचण निराळीच आहे. भूम, वाशी, कळंब या भागांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, लेकरांना घेऊन. संधिवाताच्या तापाने झडप बिघडू लागलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. फडात कोयता चालवणाऱ्या आईने ते कोणत्या गावी, कोणाकडून द्यावे? आणि पथक शाळेत येते त्या दिवशी हे मूल साखर कारखान्याजवळच्या कोपीत असले, तर त्याच्या छातीला स्टेथोस्कोपदेखील लागत नाही. मग इकोची चिठ्ठी कोण लिहिणार?