फुफ्फुसाचा कर्करोग : रक्ताच्या गुठळीचा धोका कसा मोजतात?

कर्करोगात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. पायाच्या खोल शिरेत झालेली गुठळी सुटून फुफ्फुसात अडकली, तर जीवावर बेतते. कर्करोग आणि गुठळ्यांचा हा संबंध फ्रेंच डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्ये मांडला होता.

खोराना गुणांक

डॉ. आलोक खोराना आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. केमोथेरपीपूर्वीच्या साध्या तपासण्यांवरून गुण देतात :

• कर्करोगाची जागा : जठर किंवा स्वादुपिंड – २, फुफ्फुस – १
• प्लेटलेट्स ३.५ लाख किंवा अधिक – १
• हिमोग्लोबिन १० ग्रॅमपेक्षा कमी – १
• पांढऱ्या पेशी ११ हजारांपेक्षा जास्त – १
• बीएमआय ३५ किंवा अधिक – १

एकूण ३ किंवा अधिक गुण म्हणजे जास्त धोका. मूळ अभ्यासात अशा सुमारे ७ टक्के रुग्णांना अडीच महिन्यांत गुठळी झाली. शून्य गुण असलेल्यांत हे प्रमाण १ टक्क्याहून कमी होते.

फुफ्फुसाच्या कर्करोगात मर्यादा

या रुग्णांना सुरुवातीलाच १ गुण मिळतो. गुठळी नेमकी कोणाला होईल, हे त्यांच्यात या गुणांकावरून नीट कळत नाही, असे पुढील अभ्यासांत दिसले. मात्र जास्त गुण असलेले रुग्ण कमी काळ जगल्याचे आढळले. रक्तक्षय, वाढलेल्या पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स ही आजार बळावल्याचीही चिन्हे असतात. एएलके जनुकातील बदलामुळे गुठळीचा धोका वाढतो, पण तो येथे मोजला जात नाही. आयुर्मानाचा अंदाज घेताना डॉक्टर आजाराचा टप्पा आणि रुग्णाची हिंडण्या-फिरण्याची ताकद आधी पाहतात.

घरी काय पाहावे?

मुरुडचा रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात किंवा खारघरच्या केंद्रात केमोथेरपी घेत असला, तरी मधले दिवस घरीच जातात. म्हणून गुण कमी असले तरी घरच्यांनी ही लक्षणे ओळखावीत : एकाच पायाला सूज व दुखणे, अचानक दम लागणे, छातीत कळ, थुंकीत रक्त. ‘आजारच वाढला असेल’ म्हणून थांबू नये. सुजलेला पाय चोळू नये. दम किंवा छातीत कळ असल्यास लगेच १०८ ला फोन करावा.

रक्त पातळ करणारी गोळी मनाने सुरू करू नये. तिने रक्तस्राव होऊ शकतो. ती द्यायची की नाही, हे डॉक्टर दोन्ही धोके तोलून ठरवतात.