शिक्षा आणि दंड : खानदेशातील वाहनचालकांच्या फेरप्रशिक्षणाचा विचार

मराठीत ‘शिक्षा’ हा शब्द आज जवळजवळ केवळ ‘दंड’ ह्या अर्थानेच रूढ आहे. संस्कृतात त्याचा अर्थ निराळा होता. ‘शिक्ष्’ हे ‘शक्’ धातूचे इच्छार्थक रूप होय. समर्थ होण्याची इच्छा, म्हणजेच शिकणे, हा त्याचा मूळ आशय. सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्रास ‘शिक्षा’ हेच नाव आहे आणि तैत्तिरीयोपनिषदाची पहिली वल्ली ‘शीक्षावल्ली’ म्हणून ओळखली जाते. हिंदीने ह्या शब्दाचा शिकवण्याचा अर्थ राखला, मराठीने शासनाचा अर्थ पुढे आणला व शिकवण्यासाठी ‘शिक्षण’ हा शब्द वेगळा केला. भारतातील मोटारवाहनविषयक कायद्याचा इतिहास पाहता तो ह्याच्या उलट दिशेने चाललेला दिसतो : प्रारंभी केवळ दंड आणि अलीकडे दंडासोबत शिकवण. ही शिकवण खानदेशातील चालकापर्यंत कितपत पोहोचू शकेल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

खानदेश इ. स. १८१८ मध्ये इंग्रजी अमलाखाली आला. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव व धुळे ह्या नावांनी ओळखले जाऊ लागले, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. दळणवळणाच्या दृष्टीने धुळे हे चौरस्त्याचे गाव होय. मुंबई-आग्रा मार्ग, सुरतेहून जळगावमार्गे नागपूरकडे जाणारा मार्ग आणि सोलापूरकडे जाणारा मार्ग येथे एकत्र येतात. सोलापूरच्या मार्गावर चाळीसगाव व कन्नड ह्यांच्या दरम्यान जो घाट लागतो, त्यास १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचे नाव आहे. कापूस, केळी आणि पपई हा ह्या रस्त्यांवरील नित्याचा माल. त्यामुळे येथे वाहन चालविणे हा अनेक घरांच्या उदरनिर्वाहाचा धंदा झालेला आहे, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

रस्त्यावरील बेदरकारपणास शासन करणारी तरतूद मोटारीपूर्वीची आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम २७९ बैलगाडी हाकणाऱ्यासही लागू होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहितेतील कलम २८१ ने त्याची जागा घेतली. मोटारींसाठी स्वतंत्र कायदा १९१४ मध्ये झाला व चालकास परवाना घेणे आवश्यक ठरले. १९३९ च्या कायद्याने चालकाच्या पात्रतेची परीक्षा आणि अपराध्यास अपात्र ठरविण्याचा न्यायालयाचा अधिकार ह्या दोन्ही गोष्टी अधिक व्यवस्थित केल्या. १९८८ च्या कायद्यातील कलम १२ ने मोटार चालविणे शिकविणाऱ्या शाळांचे नियमन आरंभिले आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांनी अशा शाळांसाठी अभ्यासक्रमही घालून दिला. तथापि ही सर्व शिकवण परवान्यापूर्वीची होती. परवाना हाती पडल्यानंतर चालकाचा कायद्याशी जो संबंध येई, तो पावतीपुरता.

ह्या पावतीस मिळालेले ‘चलान’ हे नाव उद्बोधक आहे. चालणे, चालविणे ह्यांच्याच कुळातील हा शब्द. त्याचा अर्थ रवानगी किंवा रवानगीची यादी. पोलिसांच्या व्यवहारात चलान करणे म्हणजे आरोपीस न्यायाधीशापुढे पाठविणे. त्या पाठवणीत निदान समोरासमोर उभे राहणे होते. चालकास आपले म्हणणे मांडता येत असे. आजच्या ई-चलानात माणूस कोठेच जात नाही; त्याच्या दूरध्वनीवर रक्कम तेवढी येते. काय चुकले ह्याची नोंद त्यात असते, परंतु का चुकले ह्याची चर्चा नसते.

अपराधानंतर शिकविण्याची कल्पना प्रथम परदेशांत व्यवस्थित रूपास आली. अमेरिकेतील नॅशनल सेफ्टी कौन्सिल ह्या संस्थेने १९६४ मध्ये बचावात्मक वाहनचालनाचा अभ्यासक्रम सुरू केला. आपण नियम पाळतो एवढ्याने भागत नाही, दुसरा चुकेल हे गृहीत धरून अंतर, वेग व दृष्टी सांभाळावी, हे त्याचे सूत्र होय. पुढे टेक्साससारख्या राज्यांत किरकोळ अपराध करणाऱ्यास न्यायालयाच्या अनुमतीने असा अभ्यासक्रम पुरा करून खटल्यातून मुक्त होण्याची सवलत मिळाली, आणि तो घरबसल्या ऑनलाइन करण्याचीही सोय झाली. ब्रिटनमधील वेगमर्यादाविषयक वर्ग २०२० च्या साथीत ऑनलाइन झाले. तेथे अभ्यासक्रम हा दंडाचा पर्याय आहे.

भारताची वाट वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्तासुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना असे सांगितले, की अतिवेग, मद्यपान, मालवाहू गाडीतून माणसे नेणे इत्यादी अपराधांबद्दल परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. शिरस्त्राण वा आसनपट्टा न वापरणाऱ्यास दंड करण्यापूर्वी किमान दोन तास समुपदेशन करावे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९ मध्ये अशी तरतूद घातली, की अपात्रतेची मुदत संपल्यावरही उजळणी प्रशिक्षण यशस्वीपणे पुरे केल्याशिवाय परवाना परत मिळू नये. हे प्रशिक्षण कलम १२ खालील शाळेत किंवा केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या संस्थेत घ्यावयाचे आहे. दंड भरून तडजोड केली तरी ह्या बंधनातून सुटका नाही, असे कलम २०० मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे येथे शिकवण दंडाऐवजी नसून दंडाखेरीज आहे. ज्याची चूल स्टिअरिंगवर पेटते, त्याला तीन महिन्यांची बेकारी भोगून पुन्हा वर्गात बसावयाचे आहे. अशा वर्गातून त्याला खरोखर काही मिळाले नाही, तर तो वर्ग म्हणजे आणखी एक दंडच ठरेल.

ह्या शिकवणीची गरज किती आहे, हे खानदेशातील दोन घटनांवरून दिसते. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी यावल तालुक्यात किनगावजवळ पपई भरलेला ट्रक उलटला आणि मालावर बसलेले किमान पंधरा मजूर मृत्युमुखी पडले. मालावर माणसे बसविणे हा २०१५ च्या यादीतील अपराधच होय. परंतु परतीचे दुसरे वाहन नसलेल्या मजुरास व चालकास तो अपराध न वाटता रिवाज वाटतो. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे आग्रा मार्गावर एक कंटेनर अनावर होऊन वाहनांवर व हॉटेलात घुसला. किमान दहा जण दगावले. ब्रेक निकामी झाल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. पहिल्या घटनेत रिवाजाचा प्रश्न आहे, दुसरीत यंत्राचा व उताराचा. चालकास शिकविल्याने मालक, व्यापारी आणि रस्ता बांधणारे ह्यांची जबाबदारी संपत नाही, हेही ह्यावरून ध्यानात येईल.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी पूर्वी आठवीपर्यंतच्या शिक्षणाची अट होती. ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. हा निर्णय गरिबांच्या हिताचा खरा, परंतु त्यामुळे छापील मजकुरावर विसंबणारी शिकवण अधिकच अपुरी ठरते. धुळे-नंदुरबारकडे अहिराणी, जळगावच्या पूर्वेस तावडी व लेवा बोली, सातपुड्यात भिल्ली आणि पावरी, असे ह्या प्रदेशाचे बोलीचित्र आहे. ‘अनुज्ञप्ती’, ‘निलंबन’ हे शब्द तेथील चालकाचे नव्हेत. तो ‘लायसन’ म्हणतो. त्याची स्वतःची परिभाषा आहे : साइड देणे, कट मारणे, डिपर देणे. त्याच्या खुणांतही अर्थभेद आहे. पुस्तकात बाजूचा दिवा म्हणजे वळण्याची सूचना. महामार्गावरील ट्रकचालक मात्र त्याच दिव्याने मागच्यास पुढे जाण्याची मुभा देतो. एका खुणेचे दोन अर्थ होणे हे शब्दकोशात कुतूहलाचे, पण रात्रीच्या रस्त्यावर प्राणघातक. बचावात्मक चालनाचा पहिला धडा खानदेशात येथूनच सुरू व्हावयास हवा आणि तो चालकाकडूनच त्याची परिभाषा ऐकून घेतल्याखेरीज देता येणार नाही.

महाराष्ट्रात जून २०२१ पासून शिकाऊ परवान्याची परीक्षा घरून देण्याची सोय झाली आहे. उजळणी प्रशिक्षणही त्याच मार्गाने व्हावे, असे म्हणणे पुढे येणे स्वाभाविक आहे. शिरपूरच्या पलीकडील पाड्यावरून धुळ्यास खेप घालण्याचा खर्च व बुडणारी मजुरी ह्यांचा विचार करता त्यात तथ्यही आहे. चित्र आणि ध्वनी ह्यांच्या साहाय्याने बोलीत पाठ देणे तर पडद्यावर अधिकच सुकर. परंतु उत्तरे देणारा हात कोणाचा, हे पडद्यास सहज कळत नाही. आणि ‘मजुरांना मालावर बसविले नसते तर ते घरी कसे गेले असते?’ ह्या प्रश्नाला अगोदर ध्वनिमुद्रित केलेला पाठ उत्तर देऊ शकत नाही. पाठ पडद्यावर व चर्चा माणसाशी, तीही बोलीत, अशी विभागणी अधिक इष्ट होय.

केंद्र शासनाने परवान्यांच्या संगणकप्रणालीस ‘सारथी’ हे नाव दिले आहे. भारतीय परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध सारथ्याने रणांगणावर उपदेश केला, तो अर्जुनाचे सर्व प्रश्न ऐकून घेऊन. अपराधी चालकास प्रश्न विचारण्याची संधी मिळेल, तेव्हाच ‘शिक्षा’ ह्या शब्दास त्याचा जुना अर्थ परत मिळाला असे म्हणता येईल.